खिशाला परवडेल असं सेंद्रिय : कोयनानगरी मार्गदर्शिका

पात्रता. महिन्याचं किराणा बिल पाहून ज्याला एकदा तरी धाप लागली आहे आणि ‘आपण रोज विष खातो’ हा संदेश ज्याला नातेवाइकांच्या ग्रुपवरून किमान तीन काकांनी पाठवला आहे, अशी कुठलीही व्यक्ती. शेतीची माहिती नसल्यास उत्तम. असल्यास ही मार्गदर्शिका वाचून चिडचिड होईल.

स्थळ. कोयनानगर, तालुका पाटण, जिल्हा सातारा. कऱ्हाडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट लागण्याआधी. हेच ठिकाण का, तर कोयनानगर ही मुळात धरणाच्या कामासाठी वसलेली वसाहत. क्वार्टर्समधल्या माणसाला पगार होता, शेत नव्हतं. म्हणजे चहूबाजूंनी डोंगर, जंगल, पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि मधे कऱ्हाडच्या टेम्पोतून आलेला फ्लॉवर निवडत बसलेला माणूस. नवशिक्याला याहून ओळखीचं वातावरण मिळणार नाही. शिवाय धरणाच्या बातम्या ऐकून ऐकून इथल्या लोकांना आवक, साठा आणि विसर्ग हे तीन शब्द पाठ आहेत. घरखर्चाचं अंदाजपत्रक मांडायला तेवढे पुरतात.

पहिली पायरी : पाकीट वाचणे

नवशिक्या सगळ्यात आधी दुकानात जातो. जाऊ द्यावं. तिथे खाकी कागदाच्या पाकिटात अर्धा किलो नाचणीचं पीठ असतं. पाकिटावर डोक्यावर पदर घेतलेल्या, जात्यावर बसलेल्या बाईचं चित्र असतं. पाकिटाची किंमत चित्रातल्या बाईला कुणी सांगितली तर तिला जागच्या जागी भोवळ येईल.

‘नॅचरल’, ‘शुद्ध’, ‘गावरान’, ‘फार्म फ्रेश’, ‘आजीच्या हातचं’ हे शब्द दिसले की वाचून पुढे जावं. आजीचा हात कुठल्याही कायद्यात बसत नाही. ‘सेंद्रिय’ हा शब्द मात्र बसतो. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१७ साली त्यासाठी नियम केले आणि त्यानुसार पाकिटावर तसं छापायचं तर मागे प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन प्रकार. एक ‘एनपीओपी’. यात बाहेरची संस्था येऊन शेत तपासते, दप्तर तपासते आणि त्याची फी घेते. दुसरा ‘पीजीएस-इंडिया’. यात गावातलेच किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. खर्च नावापुरता, पण शेजाऱ्याच्या बांधावर उभं राहून ‘तू युरिया टाकलास का?’ असं त्याच्या तोंडावर विचारावं लागतं. वीतभर बांधासाठी तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या गावांत हे धैर्य फीपेक्षा महाग पडतं.

शिवाय आज रसायन बंद केलं आणि उद्या सेंद्रिय झालं, असं होत नाही. मधे दोन-तीन वर्षांचा संक्रमणकाळ असतो. या काळात पीक सेंद्रियासारखं घटतं आणि भाव रासायनिकाचा मिळतो. पाकिटाच्या किमतीत हे सगळं आहे. शेतकऱ्याचं वाट पाहणं, तपासनिसाचा प्रवास, खाकी कागद, चित्रातली बाई, दुकानातला एसी. नाचणीही आहे.

आता तुमच्या कामाचं कलम. वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा उत्पादक आपला माल थेट खाणाऱ्याला विकत असेल, तर त्याच्यावर प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्याला फक्त सेंद्रिय मालावरचं ‘जैविक भारत’ हे सरकारी चिन्ह वापरता येत नाही. कोयनानगरशेजारच्या हेळवाकच्या रस्त्याकडेला टोपलीत अळूच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाईंची उलाढाल बारा लाखांच्या आत असावी, असं मानायला हरकत नाही. पाकीट जागेवर ठेवा आणि दुकानातून बाहेर या.

दुसरी पायरी : मावशी मिळवणे

स्वस्त सेंद्रियाचा सगळा डोलारा मावशीवर उभा असतो. ज्यांना डोंगरात सख्खी मावशी आहे, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत आणि मावशीला फोन करावा. बऱ्याच दिवसांत केलेला नसणार.

इतरांनी वाशीच्या बाजार समितीत जावं. तिथे पाटण तालुक्यातला माणूस शोधायला फार चालावं लागत नाही. माथाडी कामगारांची संघटना उभी करणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे, आणि १९६९ चा माथाडी कायदा आला तो त्यांच्या लढ्यामुळे. दिवसभर अख्ख्या मुंबईच्या जेवणाची पोती पाठीवरून वाहणाऱ्या इथल्या माथाडीच्या स्वतःच्या घरात तांदूळ आणि नाचणी पुष्कळदा गावाहून येते. एसटीच्या टपावरून म्हणा, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून म्हणा. त्या पोत्यावर कसलंही चिन्ह नसतं. सुतळीने शिवलेलं तोंड असतं आणि मार्करने लिहिलेलं मुलाचं नाव असतं. देशातली सगळ्यात जुनी आणि बिनचूक चालणारी सेंद्रिय पुरवठा साखळी ती हीच, आणि तिच्यावर अजून कुणी ॲप काढलेलं नाही.

या माणसाशी मैत्री करा. मैत्री खरी असावी. आईने पाठवलेल्या पोत्यावर डोळा ठेवून केलेली मैत्री त्याला पहिल्या चहातच कळते. ती जमली की त्याची आई ती तुमची मावशी. एवढं जमत नसेल तर थेट हेळवाकच्या टोपलीपाशी जावं. तिथे प्रश्न नीट विचारणं महत्त्वाचं आहे.

‘मावशी, हे ऑरगॅनिक आहे का?’

‘न्हाय वो, अळू हाय.’

प्रश्न सुधारून पुन्हा विचारा.

‘म्हणजे, औषध मारलंय का?’

‘रानातल्या भाजीला औशिद कोन मारनार? गवा?’

‘आणि तुमच्या भाताला?’

इथे मावशी टोपलीतल्या जुड्या उगीच सारख्या करायला लागतात. ‘युरिया टाकलाय थोडा. न टाकून कसं चालंल?’

हे उत्तर ऐकून तोंड वाकडं करून गाडीत बसणारी गिऱ्हाइकं पुष्कळ. तसं करू नये. ज्या मावशीने युरिया टाकल्याचं तोंडावर सांगितलं, तिने कर्टुलीला काही मारलेलं नाही म्हटलं तर ते खरं असण्याची शक्यता मोठी. डोंगरात पिकलं म्हणजे आपोआप सेंद्रिय, हा समज पर्यटकांचा. मावशीचा तसा काही दावा नाही.

मधला हिशेब (सोडून दिला तरी चालेल, पण मग किंमत विचारू नये)

मावशी युरिया का टाकतात? युरियाची ४५ किलोची पिशवी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांत मिळते, कारण तिच्या खऱ्या किमतीतला मोठा वाटा केंद्र सरकार भरतं. युरियात ४६ टक्के नत्र. म्हणजे एका पिशवीत वीस-एकवीस किलो. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं ठरवलं, तर शेणखतात ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्यामुळे चार टन खत लागेल. वीस किलोची एक पाटी धरली तर दोनशे खेपा. उतारावरून, डोक्यावर. शेणासाठी जनावर हवं, जनावराला वैरण हवी, वैरण कापायला माणूस हवा आणि माणूस वाशीला पोती वाहतोय.

शेणखताने जमिनीचा पोत सुधारतो, ओल टिकते, हे सगळं खरं आहे आणि मावशींना ते तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. पण त्या दोनशे खेपांवर कुठलंही अनुदान नाही. सेंद्रिय महाग का, असं कुणी विचारलं तर उत्तर लांबलचक देण्याची गरज नाही. रिकामी पाटी हातात द्यावी.

तिसरी पायरी : रानभाजी

जून ते ऑगस्ट हा नवशिक्याचा सुवर्णकाळ. कुरडू, टाकळा, भारंगी, कुड्याची फुलं, अळू, पुढे कर्टुली. पेरणी नाही, खत नाही, फवारणी नाही. राज्याचा कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे या भाज्या नावाच्या पाट्यांसह मांडलेल्या दिसतात. ज्याला टाकळा आणि मेथी यांतला फरक फक्त किमतीवरून कळतो, त्याने तिथून सुरुवात करावी.

स्वतः रानात शिरून भाजी खुडू नये. कारणं दोन. पहिलं कायद्याचं. कोयना अभयारण्य १९८५ पासूनचं आहे आणि चांदोलीसह ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. आतली भाजी गव्याची आणि सांबराची, तिची मोफत घरपोच सेवा नाही. दुसरं कारण तुमच्या पोटाचं. रानातल्या हिरव्या पानांत खाण्याजोगी कमी आणि बाकीची जास्त, असा हिशेब आहे. कुठलं पान कोवळं असताना चालतं आणि कुठलं कधीच चालत नाही, हे फोटो पाहून शिकायचं काम नव्हे. मावशीने खुडलेलंच घ्यावं आणि शिजवायचं कसं ते तिलाच विचारावं. ही शिकवणी जुडीच्या किमतीत मिळते.

काही सूचना तेवढ्यात : अळू चिंचेशिवाय करू नये, घसा खवखवला तर दोष सेंद्रियपणाला देऊ नये. भारंगीचा पाला उकडून, पिळून घ्यावा, तरी थोडा कडवट लागतो. तो तसाच असतो. बांबूचे कोंब चिरून भिजवायचे, उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. ‘पाण्यातच सगळी सत्त्वं असतात’ हे ब्रीद इथे लागू नाही, कारण त्या पाण्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं उतरलेली असतात. कुरडूला लसणाची फोडणी पुरते. फोडणीच्या तेलाबद्दल मात्र ही मार्गदर्शिका मौन पाळते. ते बाजारचंच असतं.

चौथी पायरी : तांदूळ आणि गूळ

हायवेवरच्या ढाब्यापासून पुण्याच्या प्रदर्शनापर्यंत सगळीकडे ‘पूर्वापार चालत आलेला देशी इंद्रायणी’ मिळतो. हा पूर्वापार १९८७ साली सुरू झाला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो काढला. यातला आयआर ८ म्हणजे फिलिपीन्सच्या संशोधन संस्थेतून आलेला, हरितक्रांतीचा गाजलेला तांदूळ. इंद्रायणीचा वास खरा, चिकटपणा खरा, चव तर खरीच. पण वाण जुना की नवा याचा सेंद्रियाशी संबंध नाही. तो कसा पिकवला याच्याशी आहे. हे वाक्य दुकानदाराला ऐकवून काही स्वस्त मिळत नाही. फक्त मागे उभी असलेली माणसं जरा बाजूला सरकतात.

हातसडीचा तांदूळ घेतलात तर थोडा घ्या आणि लवकर संपवा. कोंड्यातल्या तेलामुळे तो लवकर खवट होतो. सोंडे लागले तर ‘बघा, किडेसुद्धा खातात, म्हणजे शुद्ध’ असं म्हणत पाहुण्यांना डबा दाखवू नये. साठवणीतले सोंडे युरियाच्या तांदळालाही तेवढ्याच आवडीने लागतात. डब्यात कडुनिंबाचा सुका पाला घालावा आणि झाकण घट्ट लावावं.

गूळ कऱ्हाडच्या बाजारातून घ्यावा. पिवळाधमक, सोन्यासारखा चकाकणारा दिसला की जरा थांबावं; उसाच्या रसाला तो रंग बहुतेक वेळा हायड्रोस पावडरीमुळे येतो. रस निवळायला रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस वापरणं ही गुऱ्हाळातली जुनी रीत आहे, तिचा गूळ जरा काळपट तांबूस निघतो. मात्र काळा म्हणजे सेंद्रिय असंही नाही. करपलेला गूळही काळाच असतो, आणि हल्ली तो जास्त भावाने खपतो.

ऐच्छिक पायरी : स्वतः पिकवणे

प्रत्येक नवशिक्याला साधारण तिसऱ्या आठवड्यात वाटतं की आपणच पिकवावं. कोयनानगरात हा विचार पावसाळ्यात येऊ नये. कोथिंबीर पेरली की चार दिवसांत ती कुजते, आणि जे कुजत नाही ते माकडं नेतात. माकडं प्रमाणपत्र मागत नाहीत.

तरी हौस असेल तर जीवामृताची कृती अशी. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी ती घरोघर नेली. दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. हे एका एकराचं माप आहे. खिडकीतल्या पाच कुंड्यांसाठी त्याला किती हजारांनी भागायचं ते ज्याने त्याने पाहावं, पण काही झालं तरी उत्तर चमच्यात येतं. उरलेल्या बेसनाचं पिठलं करावं. मिश्रण वरच्या मजल्यावर ढवळायचं असेल तर सोसायटीच्या सचिवांना आधी कल्पना द्यावी, नंतर द्यायला गेल्यास ते भेटत नाहीत.

पाचवी पायरी : नाचणी, आणि खरा हिशेब

इथपर्यंत पोचलेला वाचक आता नवशिक्या राहिलेला नाही, म्हणून शेवटची पायरी थोडी अवघड आहे.

नाचणी हे या डोंगरांचं पीक. शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, हे आता सगळ्यांना पाठ झालंय; २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हा तर नाचणीचे लाडू सरकारी बैठकांत चहासोबत आले. तिला खत कमी लागतं, औषध बहुधा लागत नाही. राब भाजून तरवा टाकायचा, भर पावसात घोंगडी नाहीतर इरलं घेऊन उतारावर रोपं लावायची, बेणणी करायची. ओंब्या भरल्या की रात्री राखणीला जायचं, कारण गवा आणि रानडुक्कर यांनाही सेंद्रिय परवडतं. मग एकेक कणीस खुडायचं, वाळवायचं, झोडायचं, पाखडायचं. या सगळ्याला कंटाळून कितीतरी उतार आता पडीक आहेत.

२०२५-२६ साठी नाचणीची हमी किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, साध्या भाताची २,३६९. म्हणजे नाचणी भाताच्या दुप्पट भावाची. आणि रेशनवर, जानेवारी २०२३ पासून, प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. मावशींनी गणित केलं ते कुणीही करेल तसंच केलं : नाचणी विकायची, रेशनचा तांदूळ शिजवायचा. तुम्ही पुण्याहून गाडीत तेल घालून त्यांच्या दारात येता आणि त्यांची नाचणी नेता, त्याच वेळी त्यांच्या चुलीवर दूरच्या कुठल्यातरी राज्यातल्या भरपूर युरिया खाल्लेल्या शेतातला तांदूळ शिजत असतो. त्या घरात कमी पैशांत जेवण होतं खरं. फक्त ते सेंद्रिय नसतं.

तेव्हा कमी पैशांत सेंद्रिय खाता येतं का, या प्रश्नाचं उत्तर : येतं, जोपर्यंत मावशी स्वतःची मजुरी हिशेबात धरत नाहीत. ज्या दिवशी धरतील, त्या दिवशी खाकी पाकीट स्वस्त वाटेल.

म्हणून काटकसर करायचीच असेल तर ती आपल्या बाजूने करावी. मधला दलाल टाळा, पाकीट टाळा, एसीचं बिल टाळा. बिनमोसमी काही मागू नका. जानेवारीत कर्टुली मागणाऱ्याला सेंद्रिय खाण्याचा अधिकार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. चार घरं मिळून एकदम पोतं घ्या, म्हणजे गाडीचं भाडं वाटलं जातं. निवडायचं, दळायचं काम स्वतः करा. नाचणीत खडा निघतो आणि दात बसवण्याचा खर्च सेंद्रियाच्या बचतीतून भागत नाही. पण मावशीशी भाव करू नका. आणि पैसे जूनमध्ये आगाऊ द्या, कारण लावणीच्या मजुरीला ते तेव्हा लागतात. गव्याने शेत खाल्लं तर त्या वर्षी पोतं येणार नाही, हे धरून चाला.

नाचणी नोव्हेंबरात निघते. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी फोन करा. आधीच्या वर्षीची पोती धुऊन, घडी करून घेऊन जा. गावात ती विकत घ्यावी लागतात.